ब्लॅकलिस्ट करूनही ड्रायव्हर परत लोड होतो? आधी त्याला कोण बोलावतंय ते शोधा

लिनक्सवर एखादा ड्रायव्हर नको असतो. त्याचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे नको असलेल्या ड्रायव्हरच्या यादीत, टाकून मशीन रीबूट केलं, लोड झालेले ड्रायव्हर दाखवणारी एलएसमॉड ही कमांड चालवली, तर तो यादीत पुन्हा हजर. मग तीच ओळ दुसऱ्या फाइलमध्ये टाकून बघितली जाते, नाव वेगळ्या तऱ्हेने लिहून बघितलं जातं, कुठेतरी सापडलेली आणखी एक ओळ जोडली जाते. कधीतरी तो बंद होतोही. पण नेमका कशामुळे झाला हे कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटनंतर तीच कटकट नव्याने सुरू होते.

या धडपडीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो: हे मॉड्यूल, म्हणजे गरजेप्रमाणे कर्नलमध्ये चढवली जाणारी ड्रायव्हरची फाइल, लोड करायला सांगतंय कोण? मॉड्यूल आपणहून कधीच लोड होत नाही. कोणीतरी ते मागतं, आणि मागणीचे मार्ग मोजकेच आहेत. कुठल्या मार्गाने मागणी येते हे कळलं की उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. ते न कळता केलेला उपाय लागला तर लागला.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमनमध्ये, लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.)

ब्लॅकलिस्ट नेमकं काय करते

प्रत्येक ड्रायव्हर मॉड्यूलच्या आत, ते कोणकोणत्या हार्डवेअरसाठी आहे याच्या नोंदी असतात. त्यांना अलियास म्हणतात. मॉडइन्फो या माहिती दाखवणाऱ्या कमांडला मॉड्यूलचं नाव दिलं की 'पीसीआय:' किंवा 'यूएसबी:' अशी सुरुवात असलेल्या लांबलचक ओळी दिसतात, त्या याच. कर्नलला एखादं उपकरण सापडलं की तो त्याची ओळख जाहीर करतो, युडेव्ह हा उपकरणं हाताळणारा प्रोग्रॅम ती उचलतो, आणि या ओळखीला जे जुळेल ते मॉड्यूल लोड केलं जातं. या सगळ्यात मॉड्यूलचं नाव कोणीच घेतलेलं नसतं. निवड होते ती अलियासवरून.

मॉडप्रोब ही मॉड्यूल लोड करणारी कमांड. तिच्या सेटिंगसाठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मधल्या फाइलीत आपण लिहितो ती ओळ अशी (नूव्हो हा एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचा मुक्त ड्रायव्हर):

ब्लॅकलिस्ट नूव्हो

या ओळीचा अर्थ 'हे मॉड्यूल लोड करू नका' असा नाही. अर्थ असा की या मॉड्यूलच्या आतल्या अलियासकडे दुर्लक्ष करा. म्हणजे हार्डवेअर बघून होणारी आपोआप निवड थांबते, आणि एवढंच थांबतं. कोणी स्क्रिप्टमधून 'मॉडप्रोब नूव्हो' असं थेट नाव घेतलं तर मॉड्यूल लोड होतं. दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलला याची गरज पडली तरीही होतं. हा बिघाड नाही. एकाच उपकरणावर दोन मॉड्यूल हक्क सांगतात तेव्हा त्यांतलं एक बाजूला ठेवता यावं, यासाठीच ही सोय आहे, आणि त्या कामाला ती पुरेपूर उतरते. संगणकाला रेडिओ रिसीव्हर बनवणारी आरटीएल-एसडीआरची यूएसबी डोंगल हे चांगलं उदाहरण. ती लावली की कर्नल तिला टीव्ही ट्यूनर समजून डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू लोड करतो आणि रेडिओचं सॉफ्टवेअर 'उपकरण व्यस्त आहे' म्हणतं. तिथे ब्लॅकलिस्टची एक ओळ लिहिली की काम संपलं.

आता जिथे ती पुरत नाही ते उदाहरण. पेन ड्राइव्ह चालू नयेत म्हणून अनेक जण यूएसबी_स्टोरेज ब्लॅकलिस्ट करतात. ओळ लिहिली की काम झालं असं वाटतं. मग कोणीतरी वेगवान यूएसबी एसएसडी लावतं. अशा बऱ्याच एसएसडी यूएएस नावाच्या मॉड्यूलवर चालतात. यूएएस ब्लॅकलिस्टमध्ये नाही, म्हणून ते अलियासवरून सरळ लोड होतं. पण यूएएस स्वतः यूएसबी_स्टोरेजवर अवलंबून आहे, म्हणून मॉडप्रोब आधी ते लोड करतं, कारण अवलंबित्वातून मागितलेल्या मॉड्यूलसाठी ब्लॅकलिस्ट बघितलीच जात नाही. आणि एकदा यूएसबी_स्टोरेज आत आलं की त्यानंतर लावलेला प्रत्येक साधा पेन ड्राइव्हही चालू लागतो. सुरक्षेसाठी केलेली तजवीज अशी एका वेगळ्याच मॉड्यूलमुळे उघडी पडते, आणि लॉग नीट वाचल्याशिवाय कारण सापडत नाही.

ही साखळी आधीच बघता येते:

मॉडप्रोब --शो-डिपेंड्स यूएएस

काही लोड न करता, कोणती मॉड्यूल कुठल्या क्रमाने आत येतील ते ही कमांड छापते. उलट दिशेने बघायचं तर एलएसमॉडचा शेवटचा रकाना वाचायचा. तिथे आपल्या मॉड्यूलसमोर दुसऱ्या कोणाचं नाव असेल तर बहुधा मागणी तिकडूनच आलेली असते.

आपली ओळ वाचली तरी जाते का?

पुढे जाण्याआधी हे तपासून घ्यावं, कारण यात फार वेळ वाया जातो. खालची कमांड मॉडप्रोबला मिळालेली सगळी सेटिंग एकत्र दाखवते:

मॉडप्रोब --शोकॉन्फिग | ग्रेप नूव्हो

इथे आपली ब्लॅकलिस्टची ओळ दिसत नसेल तर फाइलच वाचली जात नाहीये. बहुतेक वेळा कारण एकच असतं: फाइलचं नाव '.कॉन्फ' ने संपत नाही. '.टीएक्सटी' किंवा '.कॉन्फ.बॅक' अशा फाइली मोजल्या जात नाहीत. दुसरं कारण म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइली. /ईटीसी/ मधली फाइल /यूएसआर/लिब/ मधल्या त्याच नावाच्या फाइलीला पूर्ण झाकते, ओळीला ओळ जोडली जात नाही. डिस्ट्रोने (उबुंटू, फेडोरा असं आपण वापरतो ते लिनक्स) दिलेली एखादी ओळ रद्द करायची असेल तर हाच नियम आपल्या बाजूने वापरता येतो.

नावात आडवी रेघ की अंडरस्कोर याची चिंता इथे नको, मॉडप्रोब दोन्ही सारखंच धरतं. नाव चुकतं ते वेगळ्याच कारणाने. पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय -के' मध्ये 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत ड्रायव्हरचं नाव असतं आणि 'कर्नल मॉड्यूल्स' या ओळीत मॉड्यूलचं. दोन्ही नेहमी एकच नसतात. यूएसबी कंट्रोलरसमोर ड्रायव्हर म्हणून एक्सएचसीआय_एचसीडी दिसतं, पण मॉड्यूल एक्सएचसीआय_पीसीआय असतं. ब्लॅकलिस्टमध्ये मॉड्यूलचंच नाव लागतं.

इनिटरॅमएफएस: सर्वांत जास्त वेळा इथेच अडतं

ओळ बरोबर आहे, शोकॉन्फिगमध्ये दिसते, कोणी नावाने मागत नाही, कोणी अवलंबून नाही, आणि तरीही रीबूटनंतर मॉड्यूल हजर. अशा वेळी संशय पहिला इनिटरॅमएफएसवर घ्यावा.

मुख्य डिस्क उघडण्याआधी कर्नल एका छोट्या, मेमरीत उलगडलेल्या फाइल सिस्टिमवर काम करतो. डिस्कचे ड्रायव्हर, एन्क्रिप्शन, पुष्कळदा ग्राफिक्सचे ड्रायव्हरही तिथूनच लोड होतात. या इनिटरॅमएफएसमध्ये मॉडप्रोब.डी मधल्या फाइलींची स्वतःची प्रत असते, आणि ती प्रत इनिटरॅमएफएस बनवलं त्या दिवशीची असते. आपण /ईटीसी/ मध्ये ओळ आज लिहिली तरी आतली प्रत जुनीच राहते. मशीन सुरू होतं, आतली जुनी सेटिंग वाचली जाते, मॉड्यूल लोड होतं, आणि मग मुख्य डिस्क उघडून आपली नवी ओळ वाचली जाते तेव्हा उशीर झालेला असतो. लोड झालेलं मॉड्यूल ब्लॅकलिस्टमुळे बाहेर काढलं जात नाही.

मॉड्यूल कधी आलं हे डीमेसग या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमधून ताडता येतं. ड्रायव्हरचा पहिला संदेश शोधायचा, आणि मुख्य फाइल सिस्टिम माउंट झाल्याचा संदेश शोधायचा. ती ईएक्सटी४ प्रकारची असेल तर 'माउंटेड फाइलसिस्टम' अशी ओळ असते. ड्रायव्हर तिच्या आधी बोललेला असेल तर तो इनिटरॅमएफएसमधूनच आलेला आहे, किंवा कर्नलमध्येच बांधलेला आहे. डेबियन आणि उबुंटूवर एलएसइनिटरॅमएफएस, फेडोरावर एलएसइनिटआरडी ही कमांड आत काय काय आहे त्याची यादी देते. त्या यादीत आपलं मॉड्यूल सापडलं की शंका उरत नाही.

इलाज म्हणजे इनिटरॅमएफएस पुन्हा बनवणं. डेबियन आणि उबुंटूवर:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

शेवटचं '-के ऑल' मुद्दाम लिहिलं आहे. ते नसेल तर फक्त सर्वांत नव्या कर्नलची प्रत बदलते, आणि ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मेनूतून, जुना कर्नल निवडून सुरू केलं तर अडचण तशीच दिसते. फेडोरा आणि रेड हॅट परिवारात:

सुडो ड्रॅकट --रीजनरेट-ऑल --फोर्स

आर्चवर 'एमकेइनिटसीपीआयओ -पी', यातला पी मोठ्या अक्षरात. आर्चवर आणखी एक गोष्ट बघावी: एमकेइनिटसीपीआयओच्या सेटिंगमधल्या हुकच्या, म्हणजे इनिटरॅमएफएस बनवण्याच्या पायऱ्यांच्या, यादीत मॉडकॉन्फ आहे ना. मॉडप्रोब.डी मधल्या फाइली आत नेण्याचं काम तोच हुक करतो.

हेच मॉड्यूलला पॅरामीटर देणाऱ्या 'ऑप्शन्स' ओळींनाही लागू आहे. मॉड्यूलला दिलेलं पॅरामीटर लागू होत नाही अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा मॉड्यूल जुन्या प्रतीतून, जुन्या पॅरामीटरसह आधीच लोड झालेलं असतं. बरीचशी पॅरामीटर /एसवायएस/मॉड्यूल/ खाली, मॉड्यूलच्या नावाच्या फोल्डरमध्ये 'पॅरामीटर्स' मध्ये दिसतात. तिथे आत्ता लागू असलेली किंमत वाचायला मिळते, फाइलीत काय लिहिलंय त्यावर विसंबायची गरज नाही.

पक्कं बंद करायचं असेल तर

ब्लॅकलिस्ट अपुरी पडते हे कळल्यावर दोन मार्ग उरतात. पहिला मॉडप्रोब.डी मध्येच:

इन्स्टॉल यूएसबी_स्टोरेज /बिन/फॉल्स

'हे मॉड्यूल मागितलं तर लोड करण्याऐवजी ही कमांड चालवा' असा याचा अर्थ. फॉल्स ही कमांड नेहमी अपयश कळवते, त्यामुळे नावाने मागितलं तरी आणि अवलंबित्वातून मागितलं तरी लोड होणं थांबतं. मात्र त्याचा परिणाम वरपर्यंत जातो हे ध्यानात घेऊन लिहावं. यूएसबी_स्टोरेज असं अडवलं की यूएएसही लोड होणार नाही. इथे ते हवंच आहे, पण साउंडकोरसारखं पायाभूत मॉड्यूल कोणी अडवलं तर मशीनचा सगळा आवाज जाईल. अडवण्याआधी त्यावर कोण कोण अवलंबून आहे ते बघणं म्हणूनच आवश्यक आहे. शिवाय रूट अधिकार असलेली व्यक्ती इन्समॉडने, म्हणजे मॉड्यूलची फाइल थेट लोड करणाऱ्या कमांडने, हे ओलांडू शकते, कारण इन्समॉड मॉडप्रोब.डी वाचतच नाही.

दुसरा मार्ग थेट कर्नलचा. मशीन सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या बूटच्या ओळीत असं लिहायचं:

मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=नूव्हो

हा नकार कर्नल स्वतः देतो, मागणी कोणाकडूनही आलेली असो. इन्समॉडही चालत नाही, आणि इनिटरॅमएफएसमधल्या प्रतीचा प्रश्नच येत नाही. डीमेसगमध्ये ते मॉड्यूल ब्लॅकलिस्टेड असल्याची ओळ येते, त्यामुळे खात्रीही होते. इथे मात्र नाव अंडरस्कोरसह, कर्नल वापरतो तसंच हवं. मॉडप्रोबसारखी आडव्या रेघेची सवलत कर्नल देत नाही. एकाहून जास्त नावं असतील तर मध्ये स्वल्पविराम, जागा न सोडता.

याच्याशी गल्लत होते ती 'मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=' ची. दिसायला तसंच, पण ते फाइलीतल्या ब्लॅकलिस्ट ओळीइतकंच मऊ आहे, कारण तेही मॉडप्रोबच वाचतं. ड्रॅकटचं 'आरडी.ड्रायव्हर.ब्लॅकलिस्ट=' फक्त इनिटरॅमएफएसच्या टप्प्यापुरतं असतं. फेडोरावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातल्यावर बूटच्या ओळीत नूव्होसाठी ही दोन्ही एकत्र दिसतात, त्याचं कारण हेच.

मॉडइन्फोने फाइलनेमसमोर 'बिल्टइन' असं दाखवलं तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. तो ड्रायव्हर मॉड्यूल नाहीच, कर्नलचाच भाग आहे, आणि एलएसमॉडमध्येही तो दिसणार नाही. त्याच्या एखाद्या पॅरामीटरने तो बंद होतो का ते बघायचं, नाहीतर 'इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट=' देऊन त्याचं सुरुवातीचं फंक्शन अडवायचं. तिथे मॉड्यूलचं नाही, फंक्शनचं नाव लागतं.

कायमचं लिहिण्याआधी एकदा ग्रबमधून

माझा आग्रह आहे की कुठलीही ओळ डिस्कवर लिहिण्याआधी ती एकदा ग्रबमधून वापरून बघावी. मशीन सुरू होताना ग्रबच्या यादीत हवा तो कर्नल निवडून 'ई' दाबायचं, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट जोडायचं, आणि कंट्रोल-एक्स दाबायचं. हा बदल त्या एका बूटपुरता असतो. पडदा काळा झाला, नेटवर्क गेलं, काहीही झालं तरी परत रीबूट केलं की सगळं पूर्ववत. फाइलीत लिहून इनिटरॅमएफएस बनवल्यावर तसं राहत नाही.

काही मॉड्यूलना तर हात लावण्याआधी दोनदा विचार करावा. ज्या डिस्कवर सिस्टिम आहे तिचा ड्रायव्हर, म्हणजे एनव्हीएमई किंवा एएचसीआय, अडवला की मशीन सुरूच होणार नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर डीएम_क्रिप्टही तसंच. यूएसबी कीबोर्ड असलेल्या मशीनवर एक्सएचसीआय_पीसीआय किंवा यूएसबीएचआयडी अडवलं, तर पासवर्ड विचारणारा पडदा समोर येतो आणि तो टाइप करायला कीबोर्ड चालत नाही.

फाइल लिहून अडकलाच असाल, पण डिस्क आणि कीबोर्ड चालत असतील, तर ग्रबच्या त्याच ओळीत 'सिस्टमडी.युनिट=रेस्क्यू.टार्गेट' जोडून आत जाता येतं. मात्र त्यासाठी रूटचा पासवर्ड ठेवलेला असावा लागतो. आत गेल्यावर फाइल काढायची आणि इनिटरॅमएफएस लगेच पुन्हा बनवायचं. नुसती फाइल काढली तर जुनी ओळ आतल्या प्रतीत तशीच जिवंत राहते.

उलटी तक्रार: हवं ते मॉड्यूल लोडच होत नाही

इथेही प्रश्न तोच, कोण बोलावणार? मदरबोर्डवरच्या पंख्यांची गती आणि व्होल्टेज वाचणारं एनसीटी६७७५ घ्या. ज्या चिपसाठी ते आहे तिची पीसीआयसारखी ओळख जाहीर होत नाही, त्यामुळे अलियासवरून त्याला बोलावणारं कोणी नसतं. ते नावानेच मागावं लागतं. /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी/ मध्ये '.कॉन्फ' ने संपणारी फाइल करून एका ओळीत फक्त नाव लिहायचं. पुढे 'मॉडप्रोब' लिहायचं नाही, पॅरामीटरही लिहायचे नाहीत. पॅरामीटरची जागा मॉडप्रोब.डी मधली ऑप्शन्सची ओळ.

तरीही लोड झालं नाही तर सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारायचं:

जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड

इथे 'डिनाय-लिस्टेड' दिसलं तर नाव कुठल्यातरी ब्लॅकलिस्टमध्येही आहे. सिस्टमडीची ही सेवा ब्लॅकलिस्ट पाळते, आणि ती ओळ आपण लिहिलेली नसली तरी डिस्ट्रोने लिहिलेली असू शकते. उबुंटू पीसीएसपीकेआर, म्हणजे पीसीचा बीप करणारा स्पीकर, आणि अडकलेलं मशीन आपोआप रीस्टार्ट करणाऱ्या हार्डवेअर वॉचडॉगची मॉड्यूल अशी ब्लॅकलिस्ट करून ठेवतं. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश आला तर प्रश्न वेगळा आहे: सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर मान्य सही नाही. आणि मॉड्यूल सापडतच नसेल, तेही कर्नल अपडेटनंतर लगेच, तर बाहेरून घातलेलं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बनलं का ते 'डीकेएमएस स्टेटस' ने बघावं.

एकाच प्रकारची दोन कार्डं असताना एकासाठीच ड्रायव्हर नको असेल, तर ब्लॅकलिस्टचा विचार सोडून द्यावा. ती मॉड्यूलपुरती बोलते, उपकरणापुरती नाही. त्यासाठी /एसवायएस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/ खाली त्या कार्डाच्या फोल्डरमधली ड्रायव्हर_ओव्हरराइड ही फाइल आहे. व्हर्च्युअल मशीनला कार्ड द्यायचं असतं तेव्हा तिथे व्हीएफआयओ-पीसीआय, म्हणजे कार्ड व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवणारा ड्रायव्हर, लिहितात. दोन वेगळी कार्डं असतील तर 'सॉफ्टडेप नूव्हो प्री: व्हीएफआयओ-पीसीआय' ही ओळ आणि व्हीएफआयओ-पीसीआयला दिलेला कार्डाचा आयडी एवढं पुरतं, कारण मग नूव्होच्या आधी ते आत येऊन कार्ड ताब्यात घेतं.

जुळलेलं सगळं कर्नल अपडेटनंतर मोडतं, त्याचं एक कारण मॉड्यूलची नावं बदलणं हेही आहे. रिअलटेकच्या वायफायचं आरटीडब्ल्यूपीसीआय पुढच्या कर्नलमध्ये आरटीडब्ल्यू८८_पीसीआय झालं. जुन्या नावाने लिहिलेल्या ऑप्शन्सच्या ओळी फाइलीत तशाच राहिल्या, कुठली चूक दाखवली गेली नाही, आणि त्या ओळींचं काम मात्र थांबलं. म्हणून मॉडप्रोब.डी मधल्या प्रत्येक ओळीच्या वर '#' देऊन लिहून ठेवावं की ही कुठल्या उपकरणासाठी आहे, कुठल्या कर्नलवर लिहिली, आणि ती काढली तर काय दिसतं. मोठ्या अपडेटनंतर त्या नावांवर एकदा मॉडइन्फो चालवायचं. एखादं नाव सापडत नसेल तर 'एलएसपीसीआय -के' मधून नवं नाव घ्यायचं, ओळ बदलायची आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बनवायचं.